जादा पैसे मोजलेलं कार्डच आधी बाद होतं

जुना लॅपटॉप घेताना लोक काय विचारतात? रॅम किती, एसएसडी आहे का, बॅटरी किती वेळ टिकते. फार तर आय थ्री की आय फाइव्ह. ग्राफिक्सची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपची, चौकशी सहसा होत नाही. झालीच तर "वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे ना?" अशी होते, आणि "आहे" म्हटलं की माणूस खूश होऊन वर हजार-दोन हजार मोजतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपात वेगळं कार्ड असणं ही बहुतेक वेळा जमेची बाजू नसते. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, त्यातला फक्त पहिला अर्धा भाग.

मी इंजिनीअर नाही. सांगलीत एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळला, आता घरी असते, आणि आमच्या भागातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं जे लॅपटॉप आणतात ते चालते ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे कोणी दिलं नाही, मीच ओढवून घेतलंय. हे लॅपटॉप हातोहात आलेले असतात: थोरल्या भावाच्या इंजिनीअरिंगला घेतलेला, मग बहिणीच्या बी.एड.ला गेलेला, आता धाकट्याच्या एमपीएससीला. काही तर 2019 च्या पुरात माळ्यावर होते म्हणून वाचलेत. त्यांच्याकडून अपेक्षा तरी काय? यूट्यूबवरची लेक्चर्स, पीडीएफ, आयोगाचे फॉर्म. एवढ्याला 2011 सालचा प्रोसेसर आजही पुरतो. कीबोर्ड बदलता येतो, बिजागरी बदलता येते, बॅटरी मिळते. बोर्डावर डाखलेलं ग्राफिक्स तेवढं बदलता येत नाही. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ते बिघडतही नाही. धडधाकट असताना बाद होतं.

कसं, ते थोडं उलगडून सांगते. चिपकडून काम करून घेतो तो ड्रायव्हर. त्याचं एक टोक चिपशी जोडलेलं असतं, ते बदलत नाही. दुसरं टोक ऑपरेटिंग सिस्टिमशी असतं आणि ते सारखं हलत असतं. माझ्याकडची मुलं वापरतात ती लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचं कर्नल, म्हणजे गाभा, तर आतली जुळणी कायम ठेवण्याचं वचनच देत नाही. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल तर जुळणी बदलणारा माणूस तोही दुरुस्त करून ठेवतो. पण ड्रायव्हर कंपनीनं बंद डब्यात दिलेला असेल तर ते काम कंपनीचंच. कंपनीनं हात वर केले की पुढच्या एखाद्या कर्नलवर तो ड्रायव्हर बांधलाच जात नाही. अपडेट होतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि समोर काळा पडदा. मुलं म्हणतात, अपडेटनं लॅपटॉप घालवला. अपडेटनं काही घालवलेलं नसतं. निर्णय कधीच झालेला असतो, आपल्याला तो त्या दिवशी कळतो.

अभ्यासिकेच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. त्यावर तारखा आहेत. एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीच्या लिनक्स ड्रायव्हरची 340 मालिका, म्हणजे जीफोर्स 8 आणि 9 पासून 300 पर्यंतची कार्डं: 2019 अखेर बंद. 390 मालिका, म्हणजे फर्मी पिढी: 2022 अखेर बंद. 470, म्हणजे केपलर: 2024 मध्ये बंद. एएमडी या दुसऱ्या कार्ड-कंपनीचं विंडोजवरचं वेळापत्रकही फार वेगळं नाही. रेडिऑन एचडी 2000 ते 4000 ही कार्डं 2012 मध्येच जुन्यात काढली, 5000 आणि 6000 2015 मध्ये, आणि 7000 वगैरे 2021 मध्ये. यातली एचडी 4000 मालिका 2008 ची. चार वर्षांत जुनी!

पण या कागदावर सगळ्यात उपयोगी ओळ कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली आहे: "820एम = फर्मी." लॅपटॉपच्या कार्डांवरचे आकडे पाहून पिढी ओळखायला जाऊ नका. जीफोर्स 820एम हे 2014 च्या सुमाराचं कार्ड. आपल्याकडे मधल्या किमतीच्या लॅपटॉपांत ते पुष्कळ आलं. नाव 800 चं, पण कूळ 2010 साली निघालेल्या फर्मीचं. 630एमचंही तेच, 710एमचंही तेच. "माझं तर 800 सिरीजचं आहे, मावशी" म्हणत येणाऱ्या मुलीला हे सांगताना माझाच जीव वरखाली होतो. घेतानाचं बिल तिच्या वडिलांनी अजून जपून ठेवलेलं असतं आणि त्यावर ग्राफिक्स कार्डाची ओळ ठळक असते.

बंद झालेल्या ड्रायव्हरवर हौशी मंडळी ठिगळं लावत राहतात, नव्या कर्नलवर तो कसाबसा बसवतात. त्यांचे उपकार आहेत. पण आता दुसरीकडूनही दार लागत चाललंय. लिनक्सचे डेस्कटॉप पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी एक्स पद्धत सोडून वेलँड या नव्या पद्धतीकडे निघालेत. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं 25.10 या आवृत्तीपासून ग्नोम या आपल्या डेस्कटॉपचं एक्सवरचं सेशन काढूनच टाकलं. वेलँडला ज्या पद्धतीनं चित्र द्यावं लागतं ती एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये 495 व्या आवृत्तीपासून आली. 340 आणि 390 तिथवर पोचलेच नाहीत.

मग नूव्हो उरतो, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी चिप उलगडून उलगडून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. 2010 पासून तो कर्नलमध्ये आहे. पडदा दिसतो, काम चालतं. पण फर्मी पिढीच्या कार्डाचा वेग त्याला वाढवता येत नाही. सुरू होताना ते ज्या मंद चालीनं उठतं त्याच चालीनं दिवसभर चालत राहतं. म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे दिले तोच नेमका मिळत नाही.

याउलट इंटेलचं साधं, प्रोसेसरच्या पोटातलं, फुकट आलेलं ग्राफिक्स. त्याला गेमवाली पोरं नाकं मुरडायची. त्याचे लिनक्स ड्रायव्हर पहिल्यापासून उघडे आहेत. तिथंही जुनं काढून टाकायची वेळ आली होती. ग्राफिक्सचा मेसा नावाचा जो मोठा मुक्त प्रकल्प आहे, त्यानं 22.0 या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे सगळे ड्रायव्हर काढले आणि 'अँबर' नावाच्या शाखेत ठेवून दिले. त्यात इंटेलचा जुना ड्रायव्हरही होता. पण त्याआधीच, 2021 मध्ये, डेव्ह एअरली यांनी मुख्यतः पुढाकार घेऊन क्रोकस हा नवा ड्रायव्हर लिहून मेसात आणला, तोही खास जुन्या इंटेल चिपांसाठी. परिणाम असा की 2007 च्या लॅपटॉपातलं एक्स 3100 असो की 2011 चं एचडी 3000, दोन्हींना आजच्या मेसात जागा आहे. यांना कोणी वेगवान म्हणणार नाही. पण अपडेट केलं की पडदा येतो. माझ्या कामात यापलीकडे काही लागत नाही.

जुन्या एएमडी कार्डांचंही लिनक्सवर बरं चाललंय, कारण त्यांचेही उघडे ड्रायव्हर आहेत. लिनक्स कर्नलच्या 6.19 या आवृत्तीत तर एएमडीच्या जीसीएन कुळातल्या पहिल्या कार्डांना, म्हणजे 2012 च्या आसपासच्यांना, जुन्या ड्रायव्हरवरून आपोआप नव्यावर घेतलं. ते काम व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या पदरी असलेल्या माणसानं केलं. चौदा वर्षांच्या कार्डाला बढती मिळाल्याचं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

इंटेल म्हटलं की डोळे झाकून घ्या, असंही नाही. 2012 च्या सुमारास जे छोटे ॲटम नेटबुक आले, एन 2600 वगैरे, त्यांच्यातलं ग्राफिक्स मुळात इंटेलचं नव्हतंच. ते पॉवरव्हीआरचं, इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीचं. लिनक्समध्ये त्याला नुसतं चित्र दाखवण्यापुरता ड्रायव्हर आहे, त्रिमितीची गती काहीच नाही. त्याच जातीचं ग्राफिक्स असलेले क्लोव्हर ट्रेल ॲटम, झेड 2760 वगैरे, विंडोज 8 च्या टॅब्लेटांत आले. त्यांचं काय झालं ते 2017 मध्ये गाजलं. विंडोज 10 च्या क्रिएटर्स अपडेटच्या वेळी पडद्यावर सरळ संदेश यायला लागला, की या पीसीवर विंडोज 10 ला आता आधार नाही. घेऊन चार-पाच वर्षं झालेली यंत्रं. नव्या अपडेटला लागणारे ग्राफिक्स ड्रायव्हर त्या चिपसाठी कोणी करणार नव्हतं. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं त्यांना आहे त्याच आवृत्तीवर जानेवारी 2023 पर्यंत सुरक्षेचे अपडेट द्यायचं कबूल केलं. असा नेटबुक कोणी आणला की मी झाकण बंद करून परत देते. तिथं वेळ घालवत नाही.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते, कारण त्यात एक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही.

समोरच्या गल्लीतला एक मुलगा 2011 चा लॅपटॉप घेऊन आला. आत इंटेल एचडी 3000 आणि शिवाय वेगळं कार्ड. कार्डाच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, दोनच होत्या, आणि तारखा दोघींच्या वर दिल्यात. "काकू, अपडेटनंतर नुसतं काळं येतंय," म्हणाला. "अरे, चालू होताना शिफ्ट दाबून धर," म्हटलं. यादी आली, त्यात मागचं कर्नल होतं, त्यावरून मशीन उठलं. मागचं कर्नल नसतं तर यादीतल्या कर्नलच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द, म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर लावू नको असा निरोप, घालून उठवलं असतं. तेव्हा चित्र ओबडधोबड येतं, पंखा बोंबलायला लागतो कारण सगळं चित्र प्रोसेसरच काढत असतो, पण आत शिरता येतं. शिरल्यावर कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला. त्या लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, वेगळं कार्ड बंद करायची सोय होती, ती वापरली. आता फक्त इंटेल. पंखा शांत, बूड गार, बॅटरी आधीपेक्षा जास्त टिकायला लागली. मुलगा खूश.

रविवारी अभ्यासिकेत सगळे मिळून टीव्हीवर लेक्चर बघतात. त्यानं एचडीएमआयची वायर लावली, टीव्हीवर काही नाही. वायर खराब असेल म्हणून दुकानातून नवी आणली. तरी नाही. तेव्हा माझ्याकडे आला. झालं होतं असं, की त्या लॅपटॉपात स्वतःच्या पडद्याची जोडणी इंटेलला आहे, पण एचडीएमआयच्या भोकापासून निघालेली तार बोर्डावरून थेट वेगळ्या कार्डाकडे जाते. कार्ड बंद म्हणजे ते भोक बंद. दोन ग्राफिक्सवाल्या अनेक लॅपटॉपांची रचना अशीच असते, आणि खोक्यावर ते कुठंही लिहिलेलं नसतं. शेजारी निळं, पंधरा पिनांचं व्हीजीएचं भोक होतं. ते इंटेलला जोडलेलं निघालं. अभ्यासिकेचा टीव्ही देणगीत आलेला जुनाच, त्यालाही मागं व्हीजीए आहे. चित्र आलं. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून हेडफोनच्या भोकातून स्पीकरला वेगळी वायर. तेव्हापासून ती निळी केबल कपाटात कायमची ठेवलीय आणि ती कोणी घरी न्यायची नाही असा दंडक आहे.

बायॉसमध्ये अशी सोय सगळ्यांना नसते. मग इंटरनेटवर सल्ला मिळतो, की नूव्हो ब्लॅकलिस्ट करा, तो लागूच देऊ नका, म्हणजे कार्डाचा त्रासच नको. हे करू नका. ड्रायव्हरच नसला तर त्या कार्डाला झोपायला सांगणारं कोणी उरत नाही. काम नसताना ते जागं राहतं, बॅटरी खातं आणि तळहात भाजतं. नूव्हो असू द्यावा. काम नसलं की तो कार्डाची वीज स्वतः तोडतो. जमेल तेवढं इंटेलवर चालतं आणि हे वेगळं कार्ड निमूट पडून राहतं. काही मशीनवर नूव्हो अधूनमधून अख्खा पडदा गोठवतो, तिथं मात्र इलाज नाही, ब्लॅकलिस्टच करावं लागतं. ते बघूनच ठरवायचं.

इंटेलवर आल्यावर पुढची कुरकुर ठरलेली: यूट्यूब अडखळतं. एचडी 3000 ला एच.264 प्रकारचा व्हिडिओ चिपमधून उलगडता येतो, व्हीपी 9 येत नाही, आणि यूट्यूब आपण होऊन व्हीपी 9 पाठवतं. मग सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये h264ify नावाचं छोटं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच.264 पाठवतं. 720 वर लेक्चर सुरळीत चालतं. गणिताचे सर फळ्यावर लिहितात ते दिसायला 720 पुष्कळ झालं.

ॲपलवाल्यांची वाट जरा वेगळी. मोहावी या मॅकच्या 2018 च्या सिस्टिमनं मेटल नावाची स्वतःची ग्राफिक्स पद्धत सक्तीची केली. 2011 च्या मॅकबुकांत तेच एचडी 3000, त्याला मेटल जमत नाही, म्हणून ते त्याआधीच्या हाय सिएरावर थांबले. आणि मग एकामागून एक: क्रोमनं 117 व्या आवृत्तीपासून हाय सिएरा आणि मोहावी दोन्ही सोडले. ग्राफिक्समुळे ऑपरेटिंग सिस्टिम अडते आणि ऑपरेटिंग सिस्टिममुळे ब्राउझर. तोच एचडी 3000 लिनक्सवर आजही अपडेट घेतो. चिप एकच, निकाल दोन. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून अशा मॅकवर नवी सिस्टिम चढवणारे लोक आहेत. मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहे, पण दर अपडेटला धाकधूक करत बसायला मला जमणार नाही.

एक प्रकार तर असाही झालाय की अपडेटनं असलेली गोष्ट काढून घेतली. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांतलं ग्राफिक्स विंडोजवर डायरेक्टएक्स 12, म्हणजे गेमना लागणारी ग्राफिक्सची पद्धत, चालवायचं. सुरक्षेतलं एक भगदाड सापडलं, आणि ते बुजवताना इंटेलनं नव्या ड्रायव्हरमध्ये त्या पिढीचं डायरेक्टएक्स 12 च बंद केलं. हवं असेल तर जुना ड्रायव्हर ठेवा, भगदाडासकट. कारण पटण्यासारखं आहे, तरी दुकानात पैसे देताना 'पुढं काढून घेण्यात येईल' असं कोणी सांगत नाही.

हे सगळं जुन्या भंगाराबद्दल आहे असं वाटत असेल तर लॉकडाऊनमध्ये घेतलेला तुमचा लॅपटॉप उलटा करून बघा. 2020-21 मध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी, घरून कामासाठी घाईनं घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत एमएक्स 330 किंवा एमएक्स 350 आहे. ही दोन्ही पास्कल कुळातली, आणि पास्कल 2016 चं. एनव्हिडियानं 2025 मध्ये जाहीर केलं की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टासाठी 580 ही शेवटची मालिका. विंडोजवर ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील, नवं काही नाही. लिनक्सवर त्याची झळ लगेच लागली. डिसेंबर 2025 मध्ये आर्च या लिनक्सच्या प्रकाराच्या भांडारात 590 मालिकेचा ड्रायव्हर आला आणि पास्कलवाल्यांना जुनं 580 स्वतःहून वेगळं बसवणं भाग पडलं. ज्यांनी सूचना न वाचता अपडेट केलं त्यांचा डेस्कटॉप आला नाही. माझ्याकडची मुलं लिनक्सचा मिंट हा प्रकार वापरतात, तिथं असं एका रात्रीत होत नाही. पण ओघ तोच आहे.

सीमारेषा आता ट्युरिंग या पिढीवर आहे. एनव्हिडियानं 2022 मध्ये कर्नलमधला भाग खुला केला तोही ट्युरिंग आणि तिच्यापुढच्या पिढ्यांसाठीच. म्हणून विकत घेताना मी आता एवढंच बघते: कार्ड ट्युरिंग किंवा त्यानंतरचं की त्याआधीचं. आधीचं असेल तर सोबत इंटेल किंवा एएमडीचं पोटातलं ग्राफिक्स आहे का, आणि एचडीएमआय कोणाला जोडलंय. दुकानदाराला शेवटचा प्रश्न कळत नाही. मी एक छोटा पडदा पिशवीत घेऊन जाते आणि वायर लावून बघते.

भाचा पुण्यात ॲनिमेशन शिकतोय. त्याला हा उपदेश लागू नाही, त्याला कार्ड लागणारच. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅमनं 4.0 पासून ग्राफिक्सची ओपनजीएल ही पद्धत किमान 4.3 आवृत्तीची मागायला सुरुवात केली, म्हणजे 2012 च्या इंटेल एचडी 4000 वरसुद्धा तो उघडत नाही. त्यानं दोन जुन्या लॅपटॉपांचे फोटो पाठवले. दिसायला सारखेच, रॅम तेवढीच. एकात जीटीएक्स 1050, दुसऱ्यात 1650, आणि 1650 वाला महाग. "मावशी, फरक फार नाही म्हणतोय दुकानदार, 1050 च घेऊ का?" 1050 पास्कल, 1650 ट्युरिंग. म्हटलं, वरचे पैसे मी देते, पण 1650 च घे. घेतला त्यानं. उजव्या बिजागरीचा एक स्क्रू नाहीये म्हणे, दिवाळीत येईल तेव्हा बसवून देईन. माझ्या डब्यात सगळ्या मापांचे आहेत.